मागच्या सीटवर कोण बसणार?

गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या आमच्या भागात गाडी घेताना अख्खी गाडी कोणी बघत नाही. प्रत्येक जण आपापला पार्ट बघतो. कुणाच्या दारात नवी गाडी आली की एक पाहुणा वाकून चाकांच्या आत डोकावतो, दुसरा दार चारदा उघडून-मिटून त्याचा आवाज ऐकतो, तिसरा वायपर उचलून रबर चाचपतो, आणि गाडीचा मालक पेढ्यांचा बॉक्स हातात धरून ताटकळत राहतो. यात चेष्टेचा भाग असला तरी मला या माणसांचं कौतुकच वाटतं. रस्त्यावरून जाणाऱ्या कुठल्याही गाडीत आपल्या हातचं काहीतरी आहे, हे ज्यांना माहीत असतं, ती माणसं गाडीकडे परक्यासारखी बघूच शकत नाहीत.

आमच्या घरातही हीच गत. नवरा टायरच्या कंपनीत, धाकटा दीर चाकणजवळ स्प्रिंगा बनवणाऱ्या कंपनीत, आणि मी कास्टिंगच्या, म्हणजे ओतीव भागांच्या, क्वालिटी खात्यात. राहायला निगडीला, प्राधिकरणात. मोशीवरून नाशिक हायवेला लागून चाकण गाठायचं आणि संध्याकाळी त्याच गर्दीतून परतायचं, हा माझा रोजचा रतीब. या रस्त्यानं माझा स्वभाव बिघडवला की तो आधीपासूनच बिघडलेला होता, यावर घरात एकमत नाही. माझा हात हॉर्नवरून निघत नाही, एवढं मात्र सगळे मान्य करतात.

आम्ही जुनी गाडी बदलून दुसरी घेतली, त्याचं कारण सासूबाई. खेडच्या पश्चिमेला, धरणाच्या वरच्या अंगाला आमची भातखाचरं आहेत. आता ती भावकीतले लोक वाट्यानं करतात. पण रोपं कधी लावायची, पाणी कधी सोडायचं, कापणी कधी धरायची, हे सगळं सासूबाई ठरवतात. निगडीच्या फ्लॅटमध्ये त्या आमच्याबरोबर राहतात खऱ्या, पण पावसाळ्याचे महिने त्यांचा जीव तिकडेच असतो. गेल्या उन्हाळ्याच्या आधी त्यांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं होतं की दणके बसायला नकोत. दुचाकी बंद, रिक्षा बंद, ट्रॅक्टर तर विषयच नको. चांगली गाडी असेल तर जपून जा, पण दुखणं पुन्हा उठलं तर शेताचं नाव काढायचं नाही.

डांबरी रस्ता गावापाशी संपतो. तिथून पुढे मुरूम, मोठाले धोंडे आणि एक ओढा. आमची जुनी छोटी गाडी तिथे पोटावर घासायची. म्हणून ठरलं की फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांनी जोर लावणारी गाडी घ्यायची. पण तीच गाडी मला रोज चाकणलाही न्यायची होती. दारात दोन-दोन गाड्या उभ्या करायला आम्ही काही बिल्डर नाही. ओढाही ओलांडेल आणि हायवेवरही नीट पळेल, अशी एकच गाडी हवी होती.

चांगली ठेवलेली, वापरलेली एक गाडी मिळाली आणि घरात कमिटी बसली. दीर म्हणाले, मागच्या स्प्रिंगा बदलून जाड टाकू, गाडी थोडी उचलून घेऊ, म्हणजे पोट घासायचा प्रश्नच नाही. स्प्रिंगा अर्थातच त्यांच्या कंपनीच्या जातीच्या. नवरा म्हणाला, जान टायरमध्ये असते, बाकी सगळं नंतर, आणि त्यानं चिखलाचे मोठ्या नक्षीचे टायर पसंत केले. दोघा चुलत दिरांनी वर कॅरियर आणि पुढे लोखंडी बंपर सुचवला, कारण त्यांच्या ओळखीत फॅब्रिकेशनचं वर्कशॉप होतं. मी विचारलं की हायवेवर काय होईल, तर सगळ्या दिरांनी मिळून मला सांगितलं की वहिनी, काही होत नाही. कुदळवाडीतल्या ज्या गॅरेजवाल्या चाचांकडे हे काम झालं, त्यांनी एकदा विचारलं होतं की यातून नेहमी किती माणसं जाणार. पण त्यांना कोणी उत्तर दिल्याचं मला आठवत नाही. सगळे बंपरभोवती उभे होते.

एका रविवारी चाचणी झाली. नवरा, दीर, दोन्ही चुलत दीर, मागे खताची पोती आणि जेवणाचे डबे. संध्याकाळी चौघं परतले ते खुशीत. ओढा काय, धोंडे काय, लोण्यातून सुरी जावी तशी गाडी गेली म्हणे. दीर तर इतके फुलले होते की आईपुढे बसून त्यांनी वाटी आणि चमच्यानं स्प्रिंग कशी दबते ते समजावलं. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग मला कवा नेतोस?"

आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत त्यांना नेलं. दिरांची शिफ्ट होती, म्हणून मी चालवायला आणि शेजारी नवरा. सासूबाई मागे. गाडी उचललेली, त्यामुळे प्लॅस्टिकचं स्टूल ठेवून त्यांना चढवावं लागलं. पुढे बसा म्हटलं तर ऐकेनात. जन्मभर त्या ट्रॅक्टरमध्ये, जीपमध्ये, टेम्पोत मागेच बसत आल्या. पुढची जागा बापयांची, हा त्यांचा कायदा.

हायवेवर टायर इतके घोंघावत होते की मला नवऱ्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं. त्याबद्दल माझी फारशी तक्रार नव्हती. पण डांबर संपलं आणि मी आरशात पाहिलं. सासूबाईंनी वरचं हँडल दोन्ही हातांनी धरलं होतं आणि त्यांचे डोळे मिटलेले होते. प्रत्येक धोंड्यावर गाडीचा मागचा भाग उसळत होता. मी चालण्याच्या वेगानं नेली तरी उसळतच होता. शेतावर त्या उतरल्या, बांधावरून सगळं बघितलं, बायकांना रोपं कुठे दाट झालीत ते सांगितलं. येताना मी विचारलं, "आई, त्रास झाला का?"

"न्हाई. बरी हाय गाडी," त्या म्हणाल्या. "पोरानं इतकी मेहनत घेतलीय."

दुसऱ्या दिवशी त्यांना अंथरुणावरून उठवेना. डॉक्टर आमच्यावर भडकले, आणि ते बरोबरच होतं. महिनाभर पट्टा लावून पडून राहा, आणि पुन्हा असं झालं तर माझ्याकडे येऊ नका, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. सासूबाईंनी मान डोलावली. घरी आल्यावर मला एवढंच म्हणाल्या की कापणीचं आता भावकीवर सोडू. ज्या बाईनं नवरा गेल्यावरही एक कापणी चुकवली नाही, ती भिंतीकडे तोंड करून हे बोलली. मला रडू आलं आणि रागही आला. नेमका कुणाचा, ते कळेना.

मी रोज तीच गाडी घेऊन चाकणला जात होते. मी एकटी असायचे, आणि हायवेवरच्या पुलांच्या प्रत्येक सांध्यावर ती मला उडवायची. पण एका दुपारी व्हेंडरकडून कास्टिंगचे नमुने आणायचे होते. डिकीत आणि मागच्या सीटवर जड क्रेट भरले आणि निघाले, तर गाडी एकदम शहाण्यासारखी वागायला लागली. कंपनीच्या गेटजवळचा जो खड्डा रोज माझा जीव काढायचा, तो कधी गेला ते कळलंही नाही. मी गाडी कडेला घेतली आणि डोक्याला हात लावून बसले.

दिरांची स्प्रिंग वाईट नव्हतीच. उलट फार चांगली होती. पण ती ओझ्यासाठी केलेली होती. चार धडधाकट पुरुष आणि खताची पोती घातली की ती दबायची आणि मऊ चालायची. मागे एकटी, बारीक अंगाची म्हातारी बाई बसली की स्प्रिंगला दबणं माहीतच नव्हतं. सगळा दणका जसाच्या तसा वर. रोज मापं घेऊन पोट भरणाऱ्या घरात स्प्रिंग तपासली, टायर तपासले, बंपर तपासला, आणि जिच्यासाठी गाडी घेतली तिच्या जागेवर एकटं बसून कोणी पाहिलं नाही.

आता हे दिरांना सांगायचं कसं? गोड बोलायची कला मला नाही. रविवारी ते आमच्याकडे जेवायला आले तेव्हा मी ताट वाढता वाढता सरळ सांगून टाकलं. नवरा खाली मान घालून भात कालवत राहिला. दिरांचा घास हातातच राहिला. मग ते उठले, हात धुतले, किल्ली घेतली आणि भावाला म्हणाले, चल, तू चालव.

ते दोघं कुठे गेले ते मला नंतर कळलं. तळवड्याच्या अलीकडे एका ठिकाणी रस्ता खणून ठेवला होता. तिथे दीर मागे, आईच्या जागेवर, हँडल धरून बसले आणि भावाला चार फेऱ्या मारायला लावल्या. परत घरी आले तेव्हा दिरांचा चेहरा उतरलेला होता. सासूबाई आतल्या खोलीत होत्या, म्हणून हळू आवाजात बोलले.

"वहिनी, स्प्रिंगा काढून टाकू. पहिल्याच बऱ्या होत्या. आईनं हे कसं सोसलं असेल, राव."

मला त्या क्षणी दिरांचा जितका अभिमान वाटला, तितका त्यांना कंपनीत बढती मिळाली तेव्हाही वाटला नव्हता. आपल्या हातच्या वस्तूवर इतकं प्रेम करायचं आणि ती चुकीच्या जागी लागलीय म्हटल्यावर स्वतः पाना घेऊन काढायला जायचं, हे मला जमलं नसतं. माझ्या खात्यात एखादं कास्टिंग परत आलं तर मी आधी तास-दोन तास भांडते.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही पुन्हा चाचांच्या गॅरेजात होतो. मूळच्या स्प्रिंगा परत बसल्या, त्याबरोबर दणके झेलणारे चांगले शॉकअप. गाडी खाली आली आणि चढायला बाजूला पायरी बसवली. वरचं कॅरियर आणि लोखंडी बंपर निघाला, गाडीचं वजन कमी झालं. नवऱ्यानं थोडे आढेवेढे घेतले, पण चिखलाचे टायर उतरवून हायवेला आणि कच्च्या रस्त्याला दोन्हीकडे चालतील असे मधल्या नक्षीचे घेतले. वर त्यानंच एक कामाची गोष्ट सांगितली. डांबर संपलं की टायरमधली हवा कमी करायची, म्हणजे टायरच निम्मे दणके पितो, आणि परतताना डांबरावर आलं की छोट्या पंपानं पुन्हा भरायची. हे आधी का नाही सांगितलंस, असं मी विचारलं. तर म्हणे, आधी कोणी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी मी चाकणला गेले तेव्हा गाडी मुकाट पळत होती, आणि बऱ्याच दिवसांनी मला रेडिओ ऐकू आला.

डॉक्टरांकडे जाऊन मी परवानगी मागितली. त्यांनी एकदाच म्हणून दिली, तीही पट्टा लावून. एकदाच, हा शब्द मी घरात कुणाला सांगितला नाही. फक्त दिरांना सांगितला.

दिवाळीच्या आधी आम्ही निघालो. या खेपेला नवऱ्याऐवजी दिरांनी रजा टाकली होती. ते आधीच जाऊन मागे बसले आणि दार लावून घेतलं. सासूबाई खाली उभ्या राहिल्या.

"पुढं न्हाई बसायची मी. ती बापयाची जागा."

"आई, मागं चाकावर बसतं माणूस. पुढं कमी लागतं. आजपासून मागं मी," दीर आतूनच म्हणाले आणि काच वर केली.

मग सासूबाई पायरीवर पाय ठेवून पुढे बसल्या. हात मांडीवर, पदर डोक्यावर, आणि समोरच्या काचेतून हायवेकडे असं बघत होत्या की जणू हा रस्ता कोणी काल केलाय. चाकणच्या पुढे मोकळं शिवार लागलं तेव्हा म्हणाल्या, "हितून समदं दिसतंय की."

डांबर संपलं. मी उतरून चारही टायरमधली हवा कमी केली. गाडी ‘लो फोर’च्या संथ गिअरला टाकली आणि ओढ्यात घातली. मी रस्त्यापेक्षा त्यांच्या हातांकडे जास्त बघत होते. हात मांडीवरच होते. हँडलकडे गेलेच नाहीत.

खाचरं पिवळी पडली होती. वाटेकरी विळे घेऊन तयारच होते, उद्यापासून लागणार होते. सासूबाई बांधावर गेल्या. वाकायचं नव्हतं म्हणून दिरांनी एक लोंबी तोडून दिली. त्यांनी दाणा दातांखाली धरला, चावला, थुंकला.

"आठ दीस थांबा," म्हणाल्या. "अजून वला हाय."

कोणी वाद घातला नाही. विळे परत कमरेला गेले. बायकांनी चहा केला आणि सासूबाईंनी दोन कप घेतले.

परतताना टायरमध्ये हवा भरली आणि हायवेला लागलो. मी विचारणार होते की आई, पाठ कशी आहे. पण बघते तर त्यांची मान खांद्यावर कलली होती. त्या झोपल्या होत्या. हातातली लोंबी तशीच होती. ऑपरेशन झाल्यापासून घरात, गादीवरसुद्धा त्यांना नीट झोप लागत नव्हती. मागून दीर पुढे वाकले, आईकडे बघितलं आणि पुन्हा मागे टेकले.

चाकणच्या चौकात नेहमीसारखी कोंडी होती. कंपन्यांच्या बसेस, कंटेनर, रिक्षा, सगळे एकमेकांत अडकून वाजवत होते. मागचा टेम्पोवाला तर माझ्यावरच खार खाऊन होता. मी दोन्ही काचा बंद केल्या आणि चौकापासून मोशीपर्यंत एकदाही हॉर्न वाजवला नाही.