सोमवारचा उपसा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, देवालाही नाही. देवळात गेलो की पोराबाळांचं भलं मागायचो आणि घाईनं बाहेर पडायचो. तुम्ही माझे ना नात्याचे ना गावचे — म्हणून कदाचित तुम्हाला सांगता येईल.

निजामाच्या राज्याची शेवटची वर्षं. अणदूरच्या बाजूला आमची शेती होती, आणि पाच-पन्नास गावांत मला विहिरीचा अंदाज सांगणारा म्हणून बोलावणं यायचं. विहिरीत डोकावून पाणी कळत नाही. आधी ती उपसावी लागते. मग मोट थांबवायची आणि भिंतीवर ओढलेल्या चुन्याच्या रेघेपर्यंत पाणी परत किती वेळात चढतं ते बघत बसायचं. भरभर चढलं तर खाली झऱ्याला जोर आहे. दर खेपेला थोडा जास्त वेळ लागू लागला, तर जमिनीच्या पोटातलं सरत आलं म्हणायचं, वर कितीही पाणी दिसो. माझा शब्द सहसा खाली पडत नसे. त्याचा मला भारी तोरा होता.

आमच्या स्वतःच्या विहिरीचं पाणी सरत आलंय, हेही मलाच आधी कळलं. घरात बोललो नाही. कारण धाकट्या भावाचं, मल्लूचं लग्न ठरत होतं, आणि आमच्याकडं मुलगी द्यायची तर घराआधी विहीर बघतात.

मल्लूसाठी सांगून आलेली मुलगी नीलव्वा; तिचे वडील विहीर बघायला आले. सरळ माणूस. म्हणाले, "पाव्हणं, तुमच्या जिभेवर समद्या तालुक्याचा भरवसा हाय. तुमीच उपसून दावा, म्या बसून बघतो."

मी म्हणालो, सोमवारी या.

सोमवार का? आम्ही शिवभक्त. सोमवार नंदीचा, त्या दिवशी आमच्या शिवारात बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. म्हणजे ओढ्याकाठच्या सगळ्या मोटा बंद. आणि त्या सगळ्या विहिरींना खालून झरा एकच — त्या थांबल्या की त्यांच्या वाटणीचं पाणी आमच्याकडं यायचं. हे मला ठाऊक होतं. त्यांना नव्हतं. आम्ही बैल न जुंपता माणसं लावून पोहऱ्यांनी विहीर उपसली, तर ते आमच्या भक्तीवरच खूश झाले. पाणी बघता बघता रेघेला टेकलं. त्यांनी त्यातलंच ओंजळभर घेऊन डोळ्यांना लावलं.

लग्न झालं. पुढच्याच उन्हाळ्यात विहीर आटली.

इथवर मी नुसता लबाड होतो. लबाड माणसं पुष्कळ असतात, त्यांना झोपही लागते. पण अव्वा — आमची आई — एके दिवशी चुलीपुढं म्हणाली, "ही आली आन् पानी गेलं." गावानं ते उचललं. शेजारणी नीलव्वाला ओटी भरायला बोलावीनात. विहिरीवरून कुणी बोललं की मल्लू ताटावरून उठून जायचा. आणि ती पोर खाली मान घालून वावरायची. मी काय करत होतो? जेवत होतो. त्याच घरात, तिच्याच हातची भाकरी.

एकदा गोठ्यात ती माझ्याशी बोलली. एरवी पदर पुढं ओढून बाजूला व्हायची. म्हणाली, "भावजी, तुमाला पान्यातलं कळतंय. खरंच माज्या पायगुणानं आटली का वो?"

एवढंच विचारलं होतं तिनं. मी न्हाय म्हणालो असतो तर? — कशानं आटली, हे पुढं सांगावं लागलं असतं. मग सोमवारही निघाला असता. मी बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिलो आणि म्हणालो, "तसंच दिसतंय बघ."

तसंच दिसतंय बघ. हे माझेच शब्द.

त्यानंतर तिच्या मनानं घेतलं की झऱ्याच्या तोंडचा गाळ काढला तर पाणी फिरून येईल. आपल्यामुळं गेलं, तर आपणच आणायचं. दुपारी सगळे कलंडले की ती पाटी घेऊन खाली उतरायची. मी लिंबाखाली पडलेला असायचो. खालून खुरप्याचा आवाज यायचा — खरड, खरड — आणि मधेच थांबायचा. पाणी येतंय का ते ती बघत असणार. खाली काही उरलेलं नाही, हे त्या शिवारात एकट्या मला पक्कं माहीत होतं. हाक मारायची होती फक्त. मी कूस बदलली.

एका दुपारी बाजूची दरड सुटली.

त्या आवाजानं नव्हे — आधीच्या खरडण्यानं मला अजून रात्री जाग येते. शेजारी कुणी तवा घासत असलं तरी उठून बसतो. बायको विचारते, काय झालं. काही नाही म्हणतो.

नीलव्वाला माती देऊन परतलो तेव्हा तिचे वडील ओसरीवर माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मला वाटलं, आता विचारतील. विचारावंच, असंही वाटलं. त्यांनी डोईचा पटका काढला आणि माझ्या पायांवर ठेवला. म्हणाले, "आमच्या पोरीच्या पायानं तुमच्या भरल्या विहिरीचं वाटोळं झालं. मोठ्या मनानं माफ करा."

मी पटका उचलून त्यांच्या हातात दिला, आणि त्यांना माफ केलं.