मुक्या घडीचा पंचनामा

चहा उकळून राहिला, तोवर सांगून टाकतो. ज्याले हसायचं असेल त्यानं मनमोकळं हसा, मी हिशोब ठेवणार नाही. जन्मभर मीच लोकांची फजिती करत आलो. पण यंदा मी माझीच अशी काही करून घेतली, की तशी माझ्या दुश्मनालेही जमली नसती. तीही रायपूरच्या भर सदर बाजारात, दिवसाढवळ्या, स्वतः साक्षीदार घेऊन जाऊन!

आधी बाबांचं सांगतो, नाहीतर गोष्ट कळायची नाही.

माझे बाबा भंडाऱ्याकडून रायपूरले आले ते रेल्वेच्या कारखान्यात. डब्यांच्या पत्र्याले रिव्हेट ठोकायचे. दिवसभर धडामधूम. घरात ऐश म्हणाल तर एकच, बाबांच्या मनगटावरची चावीची घडी. पांढरी डायल, काळे आकडे, चामड्याचा पट्टा. रात्री बाबांच्या हातावर डोकं ठेवून झोपायचो मी. कानाखाली टिकटिक, टिकटिक. आमच्या घरी अंगाई गायले कोणाले फुरसत होती? तीच माझी अंगाई.

बाबा गेले. घर बदलताना घडीही कुठंतरी गेली.

बाबा गेले तेव्हा अडुसष्टचे होते. यंदा मीही अडुसष्टचा झालो. म्हणजे पाहा, आता बाप आणि मी एका वयाचे! समोर आले असते तर ‘काय बे दोस्ता’ म्हणून खांद्यावर हात ठेवला असता. त्याच दिवशी मनात आलं, बाबांसारखी एक जुनी घडी घ्यायची. वेळ पाहायले नाही हं! वेळ तर मोबाईलात दिसते, आणि रिटायर माणसाले तशीही कोण विचारते किती वाजले? मले ती टिकटिक पाहिजे होती. बस. एकदा डोळे मिटून ती ऐकायची होती.

सदर बाजारात जिन्याखाली नूरभाई घडीसाजाचं दुकान आहे. दुकान कसलं, कपाटच म्हणा. आत नूरभाई बसले की हवाही बाहेर उभी राहते. नूरभाई मले चांगले ओळखतात. काहून की एकदा मी त्यांच्याकडे जत्रेतली प्लास्टिकची घडी रिपेअरले नेली होती. काटे रंगवलेले. गंभीर तोंड करून म्हटलं होतं, “देखो ना नूरभाई, हमेशा दस बजकर दस मिनट ही दिखाती है.” बिचाऱ्यांनी डोळ्याले भिंग लावलं, तेव्हा कुठं माझी थट्टा ध्यानात आली!

तरी पण माणूस दिलदार. बाबांचं सांगितलं तर हसले नाहीत. म्हणाले, “भैया, दो महीने दो. वैसी ही ढूँढूँगा.” आणि शोधली! जशीच्या तशी. पांढरी डायल, काळे आकडे. साफ केली, तेलपाणी केलं, नवा पट्टा चढवला. “रोज चावी देना, भैया. चलती रहेगी.”

मी तिथंच कानाले लावली. काही ऐकू आलं नाही. म्हटलं, सदर बाजारच तो, इकडून स्कूटर, तिकडून हॉर्न. घरी जाऊन ऐकू.

घरी आलो. दार लावलं, पंखा बंद केला. खाटेवर पडलो, हातावर डोकं ठेवलं, डोळे मिटले.

काहीच नाही!

उजव्या कानाले लावली. नाही. डाव्या कानाले. नाही. हलवली, फुंकर मारली, पुन्हा लावली. एकदम मुकी! पण काटा तर फिरून राहिला होता. मग माझ्या अर्धवट शिकलेल्या डोक्यात उजेड पडला. आमचं डोकं असंच आहे, उजेड पडतो तो नेमका चुकीच्या खोलीत. म्हटलं, नूरभाईनं डाव साधला! वरची डबी जुनी आणि आत सेलवाली मशीन! चावी नुसती दिखाव्याची. माझ्या बापाच्या घडीच्या पोटात सेल!

शकून, म्हणजे माझी बायको, दारात उभी होती. काहीतरी बोलली.

“जोरात बोल ना!” मी खेकसलो. “काय तोंडातल्या तोंडात!”

“अजी, म्हटलं, दोन तासांपासून काय कान धरून बसले?”

“फसवलं मले नूरभाईनं!”

“तो माणूस फसवणारा नाही जी. तुम्ही त्याले फसवलं होतं, ती प्लास्टिकची घडी घेऊन.”

बायकोची स्मरणशक्ती नेमकी कुठं चालते पाहा!

दुसऱ्या दिवशी दुकानात. “नूरभाई, ये क्या दिया? आवाज ही नहीं!”

नूरभाई आधी हसले. त्यांना वाटलं, म्हाताऱ्याचं नवीन नाटक. घडी कानाले लावली. “चल तो रही है.”

“कहाँ चल रही है? अंदर सेल है!”

आता हसू गेलं. चष्मा काढून खाली ठेवला. “भैया, मजाक की बात अलग. पर ये मेरी रोजी है. चालीस साल में किसी ने मुझे बेईमान नहीं कहा.”

मी म्हटलं, “मैं कह रहा हूँ ना!”

हे वाक्य आठवलं की अजूनही मान खाली जाते हो माझी. पण तेव्हा अंगात वारं भरलं होतं.

“ठीक है,” नूरभाई म्हणाले. “चार आदमी ले आओ. सबके सामने खोलूँगा. सेल निकला तो कल से दुकान नहीं खोलूँगा.”

चार माणसं? आपल्याकडे माणसांची कमी आहे का? रायपूरजवळच्या उरला भागात, लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये पस्तीस वर्षं काढली मी. लाल लोखंड रोलरमधून निघायचं तर असा आवाज, की शेजारच्यालेही इशाऱ्यानंच बोलवा लागे. तिथले माझे तीन जिगरी दोस्त. देवराव माझ्या गावाकडचा. किसन मिलमधला फिटर, आता तोंडात कवळी. आणि साहूजी, अस्सल छत्तीसगढी, कशालेही आधी ‘हव’, म्हणजे हो, म्हणणारा. तिघांनाही जमवलं. चौथा मी. वर शकून स्वतःहून आली. “तुम्ही भांडण कराल, मी पाहते,” म्हणे.

दुकानासमोर पंचायत उभी राहिली. गिऱ्हाईक थांबले. शेजारचा सोनारही गादीवरून उठून आला.

खोलायच्या आधी ऐकून घ्या म्हणून नूरभाईंनी चावी दिली आणि घडी देवरावच्या हातात ठेवली. देवरावनं कानाले लावली, डोळे बारीक केले, डॉक्टरसारखी मान हलवली. “अबे, बंद आहे ही.”

“मी काय म्हटलं होतं!” मी.

किसननं घेतली. हा कान, तो कान. “मशीनच नाही बे हिच्यात! नुसता डबा आहे.”

साहूजी सगळ्यात सज्जन माणूस. बराच वेळ ऐकलं. मग नूरभाईंकडे दुःखानं पाहून म्हणाला, “हव भैया, कुछू नई सुनावत हे.”

चारही साक्षी एकमतानं! सांगा, कोर्टात तरी एवढी पक्की केस लागते का? मी छाती काढून गर्दीकडे पाहिलं. नूरभाईंचा चेहरा उतरला.

तेवढ्यात शकूननं घडी ओढून घेतली, कानाले लावली आणि काहीतरी बोलली.

“काय?” मी.

“काय म्हणे?” देवराव.

“आँ?” किसन.

“का कहिस?” साहूजी.

आम्ही चौघं तिच्याकडे कान पुढे करून उभे! चौघांच्याही कानामागे हात!

शकूननं आम्हा चौघांकडे एकेक करून पाहिलं. मग असा आवाज काढला की वरच्या मजल्यावरची कबुतरं उडाली, “घडी टिकटिक करून राहिली! बहिरे तुम्ही आहा, चौघंही!”

बाप्पा!

सदर बाजार एक क्षण गप्प झाला, असं लोक म्हणतात. आमच्यासाठी तर तो कधीचाच झाला होता. हसायले पहिला कोण लागला? तो सोनार. मग सगळे. पस्तीस वर्षं ज्या मिलनं आमचे कान खाल्ले, त्याच मिलचे चार बहिरे मी आवाजाचे साक्षीदार म्हणून घेऊन गेलो होतो! याच्यापेक्षा चार आंधळे घेऊन चित्र पाहायले गेलो असतो तर बरं. आम्ही आपसात सदा ओरडूनच बोलायचो ना. मग कोणाले कळावं, की ऐकू कमी येते?

नूरभाई हसले नाहीत. त्यांच्या जागी मी असतो तर आठवडाभर मिरवणूक काढली असती. त्यांनी घडी उलटी केली, मागचं झाकण काढलं, स्वतःच्या डोळ्याचं भिंग मले दिलं. आत पाहिलं. एक बारीक सोनेरी चाक, इकडून तिकडे, इकडून तिकडे, चिमणीच्या छातीसारखं धडधडून राहिलं होतं. सेल-बिल काही नाही.

“माफ करना नूरभाई,” म्हटलं. आवाज कसा निघाला मलेच माहीत नाही, तसाही मले कुठं ऐकू येतो! “घडी असली है. मेरा ही कान नकली निकला. अब ये मेरे काम की नहीं रही.”

काहून की खरंच, आता ती टिकटिक मले कशी ऐकू येणार होती? ज्याच्यासाठी घेतली, तेच गेलं होतं.

नूरभाईंनी झाकण लावलं, पट्टा काढला, रुमालानं घडी पुसली. “मेरे उस्ताद भी आखिर में सुन नहीं पाते थे. वो ऐसे सुनते थे.” आणि घडी अलगद दातात धरून दाखवली. मग पुन्हा पुसून माझ्या हातात दिली. “हल्के से. आँख बंद करो.”

मी दातात धरली. डोळे मिटले.

टिकटिक. टिकटिक. टिकटिक.

कानात नाही हो, डोक्याच्या आत! हाडातून, जबड्यातून, कुठूनतरी खोलातून.

आणि एकदम डोळ्यापुढे रेल्वे क्वार्टरचं अंगण उभं राहिलं. बाबा संध्याकाळी खाटेवर बसलेले, घडी दातात, डोळे बंद. आणि मी, दहा वर्षांचा कार्टा, गल्लीतले सगळे पोट्टे गोळा करून दाखवून राहिलो, “पाहा रे, आमचे बाबा घडी खाऊन राहिले!” बिस्कीट दातात धरून नक्कल केली होती मी त्यांची. पोरं लोळली हसून. बाबाही हसले. पुढं कितीतरी दिवस, पोट्टे आले की मुद्दाम दातात घडी धरून दाखवायचे, माझ्यासाठी.

वर्षानुवर्षं रिव्हेट ठोकले होते त्यांनी. बहिरे झाले होते बाबा. ते घडी खात नव्हते रे. ऐकत होते.

माझ्या नकलेले त्यांनी कधी थांबवलं नाही, आणि खरं कारणही सांगितलं नाही. पोट्टा खुश आहे ना, होऊ दे खुश. आता कोणाच्या पाया पडू मी?

डोळ्यातून पाणी आलं, पण घडी सोडली नाही दातातून. शेवटी देवरावनं कोपरानं ढोसलं, “अबे, किती वेळ? माही बारी आहे!”

मग काय विचारता! चार म्हातारे ओळीनं उभे आणि एकेकाच्या तोंडात घडी. देवराव ऐकून नाचलाच. साहूजीनं हात जोडले. किसन ओरडला, “मले तर काहीच नाही!” नूरभाई म्हणाले, “नकली दाँत से नहीं होगा, काका,” आणि घडी त्याच्या कानामागच्या हाडाले दाबून धरली. मग तोही लहान पोरासारखा हसला. येणारेजाणारे गाड्या थांबवून पाहून राहिले.

दुसऱ्याच दिवशी शकूननं मले समता कॉलनीतल्या कानाच्या डॉक्टरकडे ओढत नेलं. मशीन मिळाली. लावली की टिकटिक कानातूनही येते. पण खरं सांगू? कानातून घडी येते. दातातून बाबा येतात. म्हणून रोज संध्याकाळी चावी देतो, दातात धरतो आणि तासभर बसतो. उशीर झाला आहे बाबा, पण आभार मानून राहिलो, घ्या.

तर असे आठ-दहा दिवस सुखाचे गेले. मग घडीची काच धुरकट झाली. मग काटा अडला. मग घडी बंद. आता खरोखरची बंद!

पुन्हा नूरभाई. कानाची मशीन मी घरीच विसरलो होतो. नूरभाईंनी झाकण काढलं, भिंग लावलं आणि बराच वेळ पाहत राहिले. मग घडी नाकाजवळ नेली. मग माझ्या दातांकडे पाहिलं.

आता लपवून काय करू? आपल्याले गुडाखूची सवय आहे. तंबाखूची ती काळी पेस्ट, दाताले घासतात ती. सकाळी एकदा, दुपारी एकदा. आणि संध्याकाळी घासूनच घडी धरून बसायचो मी.

“भैया,” नूरभाई कपाळाले हात लावून म्हणाले, “चालीस साल में घड़ी के अंदर धूल देखी, पानी देखा, एक बार चींटी भी देखी. गुड़ाखू पहली बार देख रहा हूँ.”

बिचाऱ्यांनी चाकं काढली, एकेक धुवायले ठेवलं. पावती फाडली. घडीची खराबी लिहायची जागा असते ना, तिथं काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, “दस्तखत करो.”

“क्या लिखा है?” चष्माही घरीच होता माझा.

त्यांनी वाचून दाखवलं. मले नाही ऐकू आलं.

“आँ?”

पुन्हा वाचलं. “आँ? जरा जोर से!”

तेव्हा त्या भल्या माणसानं उभं राहून, दोन्ही हात तोंडाशी धरून, मले ऐकू यावं म्हणून जीव तोडून वाचलं, “मालिक के थूक से घड़ी डूब गई!”

मले ऐकू आलं. सोनारालेही आलं. अख्ख्या सदर बाजाराले आलं. आणि सही मी केली.