बीड: विहीर, तळ्यातलं देऊळ आणि सुनंदाताईंची भाकरी

मराठवाड्यातल्या भावाबहिणींनो, "तुमच्या बीडात बघायला काय आहे?" हा टोमणा आपण सगळ्यांनी पचवलाय. दुष्काळाच्या बातमीत आपलं नाव हमखास. सहलीच्या बेतात कधीच नाही. यंदा हाच टोमणा नाशिकहून आलेल्या माझ्या दाजींनी मारला. दुसऱ्याच दिवशी मी त्यांना केजहून बीडच्या एसटीत बसवलं. मांडीवर दशम्यांचा डबा. म्हणे, "तिथं काय मिळणार? धूळ?"

बीडच्या अलीकडे खजाना विहिरीला उतरलो. फाट्यावर सावली नाही, टोपी घ्याच. शिवार करपलेलं आणि निजामशाहीतल्या या विहिरीत पाणी! दोन भुयारांतून येतं, तिसऱ्यातून शेताकडं निघतं. मोटार नाही, वीज नाही. दाजी वाकून बघतच राहिले. तिकीट तिथंच वसूल झालं.

रिक्षानं गावात आलो. बिंदुसरा नदी कोरडी ठाक, पण कंकालेश्वराच्या तळ्यात थोडं पाणी होतं. मधोमध काळ्या दगडाचं देऊळ, भिंतींवर शस्त्रं घेतलेल्या बायका. दाजींनी मोबाइल भरेस्तोवर फोटो काढले.

मग भूक. जवळच्या गल्लीत बायकांच्या सहकारी संस्थेची खानावळ आहे, दुष्काळातच सुरू झालेली. बौद्ध, मराठा, वंजारी, मुसलमान, सगळ्या एकाच चुलीवर रांधतात. सहकार म्हणजे साखर कारखान्यातली खुर्ची, असं समजणाऱ्यांनी ही चूल बघावी.

"जय भीम, ताई."

"जय भीम, दादा." भाकरी थापणाऱ्या सुनंदाताईंनी दाजींकडं पाहिलं. "पावनं डबा घेऊन आले व्हय? उपास हाय का आमच्यावर भरवसा न्हाई?"

दाजींनी डबा पायाखाली सरकवला. येसर आमटी, ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी. ताट शंभराच्या आत. दाजींनी चौथी भाकरी मागितली.

कांदा चिरणारे ताईंचे यजमान, महादेवभाऊ, म्हणाले, "दसऱ्याला टोळी ठरती. मुकादम म्हणतो, अर्धा कोयता चालत न्हाई." ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात.

"मी जायची न्हाई," ताई म्हणाल्या. "पोरगी दहावीला हाय. गेल्या साली फडातच तिची शाळा बुडाली."

"मग मीबी हितंच. भांडी घासीन."

"आधी कांदा तर बारीक चिरा!" चुलीपाशी हशा पिकला.

हात धुताना ताई मला हळूच म्हणाल्या, "दादा, गिऱ्हाईक आलं तर ऱ्हाऊ. न्हाई आलं, तर जावंच लागंल."

संध्याकाळी केजला परतलो. विहीर डोळ्यांत राहिली, देऊळ मोबाइलमध्ये. मनातून जाईना ती त्या पोरीची दहावी. ती सरकारच्या हातात नाही, मुकादमाच्याही नाही. आपल्या भुकेच्या हातात आहे. म्हणून हात जोडून नाही, हक्कानं सांगतो: दसऱ्याआधीच्या एका रविवारी घरच्यांना घेऊन बीडला जा आणि दुपारी सुनंदाताईंच्या पंगतीला बसा.