चूक ऐकणारा

वाजवताना कुणाची चूक झाली की तो गिटारच्या तारांवर पंजा टाकायचा. आवाज जागच्या जागी मरायचा. मग आम्हा दोघांपैकी कुणाकडेही न बघता, छपराच्या वाशांकडे बघत विचारायचा, "कोण होता?"

कोण होता हे त्याला पक्कं माहीत असायचं. पण चुकणाऱ्याने स्वतः हात वर करायचा, असा त्याचा नियम होता. तिशीला टेकलेले आम्ही बाप्ये, सुपारी साठवायच्या माळ्यावर घामाने निथळत, शाळेतल्यासारखे हात वर करायचो.

माळा त्याच्या चौलच्या वाडीतला. खाली घरात तो आणि त्याची आई. आम्ही तिघे शाळेपासूनचे मित्र. तो गिटार वाजवायचा, मी बेस आणि भरत ड्रम. माझं रेवदंड्याला औषधांचं दुकान आहे. भरत कोळीवाड्यातला, घरची होडी, आणि लग्नसराईत हळदीला बेंजो पार्टीत वाजवायला जायचा.

आम्ही वाजवायचो त्याला मॅथ रॉक म्हणतात. साधं गाणं चाराच्या ठेक्यात चालतं. आमचं पाचात सुरू होऊन सातात जायचं आणि ऐकणाऱ्याला वाटायचं, जिन्याची एक पायरी कुणीतरी काढून नेली. शब्द नाहीतच. एकदा गावच्या जत्रेत आम्हाला वाजवू दिलं. तीन रचना झाल्यावर पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी विचारलं, गाणं कधी सुरू होणार? त्याने माइक ओढून सांगितलं, "संपलं." आणि गिटार पिशवीत भरली.

रचना सगळ्या त्याच्या. तुम्ही ऐकल्या असत्या तर त्या वाजवायला मिळाव्यात म्हणून तुम्हीही त्याच्या शिव्या खाल्ल्या असत्या, इतक्या त्या सुंदर होत्या. सातातली एक होती. ती त्याची सगळ्यात लाडकी, आणि नेमकी तिथेच भरत घसरायचा. हाताला चाराची सवय. सातवी मात्रा संपली की तो नकळत आणखी एक ठोका टाकायचा. मग तारांवर पंजा. भरतचा हात वर.

"हळदीला आलायस काय?" तो विचारायचा. पुढे पुढे तेही विचारेनासा झाला. भरत चुकला की त्याचा ठोका तोंडाने हुबेहूब वाजवून दाखवायचा, पडलेल्या भांड्यासारखा, आणि आपणच हसायचा. भरतही हसायचा. मला ते हसू बघवत नसे.

मुंबईला रेकॉर्डिंग ठरलं तेव्हाची गोष्ट. भरतने मासळीच्या टेम्पोत ड्रम भरले, स्वतः टेम्पो चालवला, स्टुडिओत ड्रम मांडले, एकेक सुरात लावला. सगळं झाल्यावर काचेपलीकडून एक अनोळखी माणूस आत आला आणि भरतच्या स्टुलावर बसला. पुण्याचा ड्रमर होता. आमच्या गिटारवाल्यानेच परस्पर बोलावलेला.

"हा वाजवेल," तो भरतला म्हणाला. "तू ऐक. कसं असतं ते कळेल."

भरत दिवसभर कोचावर बसून ऐकत राहिला. संध्याकाळी ड्रम पुन्हा टेम्पोत भरले आणि आम्हाला घरी आणून सोडलं. वाटेत पेणला चहासुद्धा पाजला. त्यानंतर तो माळ्यावर येणार नाही असं मला वाटलं होतं. पण पुढच्या रविवारी हजर. मी विचारलं तर म्हणाला, एवढं कठीण दुसरीकडे कुठे वाजवायला मिळणार?

मग गिटारवाल्याच्या डाव्या हाताची बोटं गेली.

गेली म्हणजे तुटली नाहीत. त्याच हाताने तो जेवायला वाढून घ्यायचा, नारळ सोलायचा, शर्टाची बटणं लावायचा. फक्त गिटारच्या मानेवर हात ठेवला की करंगळी आणि शेजारचं बोट तळहाताकडे वळायचं आणि तिथेच राहायचं. आधी आम्हाला थट्टा वाटली. त्याने बोटांना चिकटपट्टी लावली, पट्टी बांधली, आईकडून तेल चोळून घेतलं. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं की तीच तीच हालचाल वर्षानुवर्षं केल्याने मेंदूचा घोटाळा होतो. काही जणांना हे होतंच. बरं होईलच असं सांगता येत नाही. ज्याने जास्त रियाज केला त्यालाच हे होतं, हेही त्यांनी कौतुकाने सांगितलं.

तरी तो वाजवत राहिला. एका रविवारी सातातली रचना चालू होती. भरत त्या दिवशी अगदी सरळ चालला होता. मधेच एक सूर करपल्यासारखा उठला. तारांवर पंजा पडला. "कोण होता?" सवयीने विचारून गेला.

आमच्यापैकी कुणाचा हात वर गेला नाही. भरत जमिनीकडे बघत होता. खाली त्याची आई सुपारी वाळत घालत होती, तिच्या बांगड्या ऐकू येत होत्या. मग विचारणाऱ्यानेच स्वतःचा हात वर केला. आम्ही बघितलं याची खात्री होईपर्यंत तो वरच ठेवला.

पुढचे काही महिने आम्ही काढले. दोन ठिकाणचे कार्यक्रम हातचे गेले. शेवटी मी आणि भरत त्याच्याशी बोलायला वाडीत गेलो. वाटेत काय बोलायचं ते ठरवलं होतं, पण मला तोंड उघडायची वेळच आली नाही.

"मी तुमच्या जागी असतो तर मला पहिल्याच दिवशी काढलं असतं," तो म्हणाला. "तुम्ही फार दिवस लावलेत."

नवी गिटारवाली त्यानेच शोधली. उरणची सायली, तिथे कंटेनरच्या एका कचेरीत नोकरीला होती. त्याने तिला सगळ्या रचना शिकवल्या. गिटार हातात न धरता, तोंडाने म्हणून दाखवायचा. ती चुकली की थांबायचा, पुन्हा म्हणायचा. तिला एकदाही लागेल असं बोलला नाही. "तुमचं हे बोट थोडं अलीकडे ठेवा," असं अहोजाहो करून सांगायचा. ते ऐकताना भरत काठ्या मांडीवर ठेवून बसून राहायचा.

शिकवून झाल्यावर तो माळ्यावर यायचा बंद झाला. आम्ही रेवदंड्याला माझ्या दुकानामागच्या खोलीत बसू लागलो. अलिबागच्या किनाऱ्यावरचा मोठा कार्यक्रम मिळाला तेव्हा भरतने विषय काढला. "लोकांना पाय टाकायला जागाच नाय रे यात," तो म्हणाला. सातातल्या रचनेत एक मात्रा घालू, चाराचं सरळ होईल. सायली नको म्हणाली. मी हो म्हणालो. मलाही एकदा लोकांना नाचताना बघायचं होतं.

आणि लोक नाचले. पहिल्या आवर्तनालाच टाळ्या धरल्या. पोरंबाळं, हॉटेलातले पाहुणे, भेळवाले, सगळे एका ठेक्यात. त्या गर्दीच्या पार मागे, दिव्यांचा उजेड संपतो तिथे, तो उभा दिसला. हात खाली सोडलेले. शेवटपर्यंत थांबला.

नंतर मंचामागे आला. सायलीकडे बघून मान हलवली. मग भरतसमोर उभा राहिला.

"आज एकदाही चुकला नाहीस," तो म्हणाला.

शाळेपासून भरत हे ऐकायला थांबला होता. त्याने मान खाली घातली आणि ड्रमचे स्क्रू सैल करायला लागला. वर बघितलं तेव्हा तो निघून गेला होता.

त्यानंतर तो आम्हाला भेटला नाही. गुजरातेत कुठल्याशा बंदरावर नोकरी धरली एवढंच कळलं. गिटार कुणाला तरी देऊन टाकली. आमचे फोन उचलत नाही. आता आम्हाला खूप बोलावणी येतात आणि प्रत्येक ठिकाणी तीच रचना मागतात, चारातली.

मागच्या महिन्यात त्याची आई, आमच्या काकी, रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला दुकानात आल्या. गोळ्या घेतल्यावर पिशवीतून फोन काढला. किनाऱ्यावरच्या त्या कार्यक्रमाचा व्हिडिओ शेजारणीने त्यांना पाठवला होता.

"त्याचंच गाणं म्हनं ह्ये," काकी म्हणाल्या. "मंग यात त्यो कंचा रे?"

मी काउंटरवरून पुढे झालो. नाचणाऱ्यांच्या डोक्यांवरून बोट पार मागे नेलं, जिथे पडद्यावर नुसता काळोख होता.

"इथे उभा आहे," मी म्हणालो.

काकींनी चष्मा कपाळावर सरकवला, फोन डोळ्यांजवळ धरला आणि बघत राहिल्या. मागे दोन गिऱ्हाइकं उभी होती. व्हिडिओ संपला, तसा त्यांनी तो पुन्हा लावायला माझ्या हातात दिला.