आम्हा चौघींचा जळफळाट

छातीत गाठ लागली तेव्हा मी अंबाजोगाईच्या योगेश्वरीला बोलले होते, गाठ साधी निघाली तर पाच घरी जोगवा मागीन. गाठ साधी निघाली नाही. आमचे हे म्हणाले, "मग आता नवसाचं काही राहिलं नाही, बस घरी." पण देवीनं आपलं ऐकलं नाही म्हणून आपणही शब्द फिरवायचा, हे काही मला पटेना. मी परडी घेतली आणि जोगवा मागून आले. देवीलाच जरा ओशाळल्यासारखं झालं असेल, तिनं माझ्या पदरात तीन मैत्रिणी घातल्या. हे म्हणतात, देवीनं नाही, दवाखान्यातल्या केमोच्या डोसच्या खोलीनं दिल्या. म्हणू देत.

डोसच्या खोलीत एकाच वारी भेटता भेटता आमचे किस्से इतके साठलेत की संक्रांतीला वाण म्हणून लुटले तरी घरात उरतील. आणि खोटं कशाला बोलू, त्यातले बहुतेक जळफळाटाचे आहेत. आजारानं जेवढं जाळलं नाही, तेवढ्या आम्ही एकमेकींवर जळलो.

*

सगळ्यात आधी मी जळले ती नसीमआपांच्या केसांवर.

नसीमआपा बीडच्या. त्यांच्या मालकांचा फळांचा गाडा आहे. त्यांचे डोस माझ्याआधी संपले, आणि गेलेले केस परत आले ते कुरळे! आधी चांगले सरळ होते म्हणे. आता कपाळावर अशा बटा, की पार्लरवालीनं दिवसभर बसून केल्यात असं वाटावं. माझे आले ते पाण्याविना वाढलेल्या कोथिंबिरीसारखे. इथे चार, तिथे दोन.

मी किती शुक्रवार केले, कितींदा ओटी भरली, आणि कुरळे केस आपांना? शेवटी न राहवून मी ते बोलून दाखवलं.

आपांनी माझ्या डोक्याकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, "भाभी, तुमी मागताना डिझाइन सांगितलं नसंल."

*

पाटलीणबाई पालीकडच्या. त्यांचे साहेब राजकारणात, त्यामुळे त्या दवाखान्यात आल्या तरी आधी गाडीचं दार उघडल्याचा आवाज यायचा, मग त्या.

आता आम्हा सगळ्यांची आधी ऑपरेशनं झालेली. ज्या बाजूचं ऑपरेशन, त्या हाताला सूज येते, म्हणून त्या हातात बांगडी घालायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. माझा उजवा हात मोकळा, पाटलीणबाईंचा डावा. एका हातात बांगड्या अन् एक हात भुंडा, हे सासूबाईंना बघवायचं नाही. मलाही बघवायचं नाही. पाटलीणबाईंनी मात्र दोन्ही हातांतलं सोनं एकाच हातात चढवलं. पाटल्या, तोडे, बांगड्या, पार कोपरापर्यंत. माझ्या हातात आपल्या हिरव्या काचेच्या. मी पदराखाली घेऊन बसायचे.

एकदा आपांनी आम्हा दोघींना शेजारी उभं केलं. माझा बांगड्यांचा डावा, पाटलीणबाईंचा सोन्याचा उजवा. लांबून बघून म्हणाल्या, "दोघी मिळून एक सवाष्ण पुरी झाली बगा."

पाटलीणबाईंना ते आवडलं नाही. तेवढ्यात सिस्टर बीपीचा पट्टा घेऊन आली. सूज येणाऱ्या हाताचा बीपी घेत नाहीत, म्हणजे राहिला सोन्याचा हात. एकेक दागिना काढून पाटलीणबाई माझ्या ओटीत टाकत होत्या आणि मागे रांग थांबली होती. सिस्टर शेवटी म्हणाली, "बाई, पुढच्या खेपेला लॉकर घरी ठेवून या."

*

आता कमलचं सांगते, कारण काळजी होती ती तिचीच.

कमल आष्टीकडच्या एका गावची. दरसाल नवराबायको ऊसतोडीला जायचे. या साली नवरा एकटाच गेला आणि ही डोस घ्यायला मागे राहिली. मोठ्या लेकीचं लग्न ठरलं होतं, माणसं तोडीवरून परत आली की वैशाखात. आणि फाल्गुनात एक दिवस, सलाईन लागलेलं असताना, कमल एकदम म्हणाली, "ह्यो डोस शेवटचा. बाकीचे लग्न झाल्यावर."

आपांनी विचारलं, "कावून?"

"आता थांबले तर लग्नापत्तुर थोडे तरी केस येतील."

आमच्या भागात मंडपात दोन्ही विहिणींची भेट होते. हळदीकुंकू लावायचं आणि एकमेकींच्या केसांत गजरा माळायचा. सगळ्या बायका गोल करून बघत असतात. सोयऱ्यांना कमलचा आजार ठाऊक होता, पण तिला डोक्यावरून पदर काढलेलं कुणी बघितलं नव्हतं.

कमल म्हणाली, "ईहीनबाई गजरा घेऊन हुभी राहील आन् मी टकलं डोकं म्होरं करू? लेकीला जन्मभर ऐकावं लागंल."

डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं, मध्ये खंड पडला तर आतापर्यंतच्या डोसांवर पाणी पडेल. कमलनं ते ऐकून घेतलं, मान हलवली आणि खालमानेनं निघून गेली.

मी घरी येऊन देवीपुढे बसले. काय मागावं तेच कळेना. केस मागू की कमल मागू? शेवटी म्हटलं, आई, तिला पुढच्या खेपेला आण, बाकी तू आणि ती बघून घ्या.

*

मधे एक गोड किस्सा आठवला, तो थंडीच्या आधीचा. बालाघाटातली सीताफळं बाजारात आली होती आणि माझे डोस चालू होते.

आपांचे मालक त्यांच्यासोबत यायचे, बाकावर मांडी घालून बसायचे, सीताफळातली एकेक बी काढायचे आणि नुसता गर वाटीत घालून आपांना द्यायचे. बायको सलाईन लावून पडलेली आणि हा माणूस बिया काढतोय. मला बघवायचं नाही. आमचे हे दवाखान्यात आले की बाहेर पेपर वाचत थांबायचे.

घरी आल्यावर मी नुसतं म्हटलं, "आपांचे मालक बिया काढून देतात."

पुढच्या खेपेला हे चक्क आत आले. हातात स्टीलचा डबा. शेजारी बसले, डबा उघडला. आत केळ्याच्या चकत्या, प्रवासात पार काळ्या पडलेल्या.

"केळी कशाला?" मी विचारलं.

"बियांचा प्रश्नच नाही," हे म्हणाले.

मी आपांकडे बघत बघत एकेक चकती चवीनं खाल्ली. समोरच्या खुर्चीत कमल होती. तिचा तेव्हा पहिलाच डोस, ओळखही नुसती तोंडदेखली. ती म्हणाली, "अक्का, एक फोड मला द्या. मालक तोडीवरनं फोन करून ईचारत्यात, काय खाल्लं. मी रोज केळी म्हून सांगते. आज तेवडं तरी खरं व्हईल."

उरलेला डबा तिलाच दिला. त्या दिवशी कुणी कुणावर जळायचं, ते मला कळेनासं झालं.

*

कमलनं तो हट्ट धरायच्या आधीच पाटलीणबाईंनी पुण्याहून ऑपरेशनच्या बाजूला कपड्याच्या आत घालायचं पॅड आणलं होतं. हात लावला तर थेट अंगासारखं. आम्ही तिघींनी ते आळीपाळीनं तळहातावर घेऊन बघितलं, सोन्याचा दर विचारावा तशी किंमत विचारली आणि तितक्याच गुपचूप परत दिलं.

कमलनं घरी जाऊन जुन्या धडप्याची पिशवी शिवली आणि त्यात राळ्याचं बारीक धान्य भरलं. पण वजन जमेना. एकीकडे हलकं झालं की खांदा वर जातो आणि पदर घसरतो. मग आपांनी मालकांच्या गाड्यावरचा तराजू घरात आणला. एका पारड्यात राळ्याची पिशवी, दुसऱ्यात एक मोसंबी. आपा कमलकडे डोळे बारीक करून बघायच्या आणि म्हणायच्या, "न्हाई, ही ल्हान पडती. मोठी आण गं, शेवटच्या थरातली."

मोसंबी बदलत बदलत वजन जमलं. मी लाजून भिंतीकडे बघत होते, पण जाताना माझी पिशवीही शिवून घेतली.

पुढच्या वेळी पाटलीणबाई सारख्या आमच्याकडे बघत होत्या. उन्हाळा लागला होता आणि त्यांचं पुण्याचं पॅड घामानं सारखं सरकत होतं. कमलचं जागच्या जागी. शेवटी त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ती मोसंबी मिळंल का वो?"

*

आणि कमलच्या डोसाचा दिवस आला.

मी सकाळी उठून पूजा केली, तोंडात पाणी न घेता दवाखान्यात गेले. माझे आणि आपांचे डोस संपले होते, पण इंजेक्शन चालूच होतं. आपा आल्या, पाटलीणबाई आल्या. कमल नाही. फोन केला तर म्हणाली, "अक्का, माज्यावर रागावू नगा," आणि बंद केला.

डोसच्या खोलीत खिडकीजवळ एक खुर्ची आहे. वारा लागतो, खाली चहाची टपरी दिसते, आणि शेजारी मोबाइल लावायला जागा आहे. कमल पहाटेच्या गाडीनं येऊन ती धरायची. कुणी बसलं की उभी राहून म्हणायची, "ही मपली खुर्ची हाय." पाटलीणबाईंचा त्या खुर्चीवर पहिल्या दिवसापासून डोळा. एवढी गाडी असून त्यांना ती कधी मिळाली नव्हती.

त्या दिवशी मिळाली. त्या ऐसपैस बसल्या, पाय पुढे केले आणि डोळे मिटले. आपांनी मोबाइलवर फोटो काढला आणि कमलला पाठवला. सोबत बोलून पाठवलं, "कमल, तू येतच न्हाईस तर तुझी खुर्ची पाटलीणबाईंनी कायमची घेतली बघ. लई शोभून दिसायल्यात."

मी म्हटलं, "आपा, ही काय वेळ आहे का?"

दुपारच्या आत कमल दारात. घामानं भिजलेली, हातात पिशवी. तडक खिडकीपाशी गेली.

"पाटलीणबाई, उटा."

पाटलीणबाई म्हणाल्या, "माझं सलाईन लागलंय."

"लागू द्या. सलाईनला चाकं हायेत."

सिस्टरनं पाटलीणबाईंना सलाईनच्या दांडीसकट हलवलं आणि कमलला सुई लावली. पुढचे डोसही कमलनं चुकवले नाहीत, कारण प्रत्येक खेपेला आपा आदल्या दिवशी तिला तोच फोटो पुन्हा पाठवायच्या.

मला आनंद झाला, देवीशपथ झाला. पण इतका उपास मी केला आणि श्रेय गेलं आपांच्या मोबाइलला.

*

लग्न वैशाखात झालं. आम्ही तिघी वेळेआधी पोचलो.

कमलनं पदर भुवयांपर्यंत ओढून दोन्ही बाजूंनी पिना लावल्या होत्या. उकाड्यानं जीव जात होता, पण ती पदराला कुणाचा हात लागू देत नव्हती. माझ्या विरळ केसांत मी कसाबसा गजरा अडकवला होता, तो सारखा निसटत होता. आपांच्या कुरळ्या केसांत गजरा बुडालाच होता, दिसतच नव्हता. आणि पाटलीणबाई आल्या त्या कंबरेपर्यंत लांब, काळेभोर केस सोडून. पुण्याहून आणलेला टोप. त्यावर तीन पदरी गजरा. मंडपातल्या बायका वळून बघत होत्या आणि कुणाला काही कळलं नव्हतं. त्यांचे साहेब पुढच्या सोफ्यावर पाहुण्यांत बसले होते. आपा माझ्या कानात म्हणाल्या, "भाभी, आज हिनं आपल्याला मारलं."

विहीणभेटीची वेळ झाली. बायकांनी गोल केला. विहीणबाई साधी, सावळी, कमी बोलणारी बाई. त्यांनी हळदीकुंकू लावलं, गजरा उचलला आणि माळायला पदराला हात घातला. कमलनं त्यांचं मनगट धरलं.

लेक बाजूला मुंडावळ्या बांधून उभी होती, ती आईकडे बघत होती. मी मनात देवीचं नाव घेत होते, पण पुढे काय मागायचं ते सुचत नव्हतं.

कमलनं मनगट सोडलं. स्वतःच्या हातानं पिना काढल्या आणि पदर खांद्यावर घेतला.

"केस न्हाईत, ईहीनबाई," ती म्हणाली. "डोस पुरे केलेत."

विहीणबाईंनी त्या डोक्याकडे बघितलं. मग हातातल्या गजऱ्याचा दोरा दोन्ही टोकांना सोडवून लांब केला, तो कमलच्या कपाळावरून घेतला आणि मागे गाठ मारली. मुंडावळ्या बांधतात तसा. दोन सर कानांवरून खाली सोडले. लेकीशेजारी कमल उभी राहिली, आणि कोण नवरी ते क्षणभर कळेना. एक म्हातारी म्हणाली, "आईच लई शोभायली." बायका तिच्याभोवती अशा जमल्या की आम्ही तिघी मागे ढकलल्या गेलो.

मी माझा निसटणारा गजरा दाबून धरला होता. आपा टाचा उंचावून बघत होत्या.

पाटलीणबाई माझ्या शेजारून निघाल्या. गर्दीतून वाट काढत थेट विहीणबाईंच्या पुढ्यात गेल्या, त्यांच्या मागोमाग मीही शिरले. मागे वळल्या, दोन्ही हातांनी डोक्यावरचा टोप उचलला आणि तीन पदरी गजऱ्यासकट माझ्या हातात दिला. पुढच्या सोफ्यावरचे साहेब उठून उभे राहिले.

पाटलीणबाईंनी खाली बसून डोकं पुढे केलं.

"विहीणबाई," त्या म्हणाल्या, "मलाबी आसाच बांधा."