त्र्यंबककाकांची मड्डम पणजी

ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडच्या मराठी मंडळात त्र्यंबककाकांबद्दल वाईट बोलणारा माणूस सापडणार नाही. ह्यूस्टनमध्ये तीस वर्षं भूलतज्ज्ञ म्हणून काम केलेलं, गणपतीला दरवर्षी मोठी देणगी, सत्यनारायणाला पहिली आरती त्यांची. अडुसष्ट साली आठ डॉलर खिशात घेऊन आलो ही गोष्ट ते स्वतःच इतक्यांदा सांगतात की त्यांच्याबद्दल दुसऱ्या कोणी काही सांगायची गरज उरत नाही. मी मात्र सांगणार आहे. दीड वर्ष दर शनिवारी मी त्यांना गाडीतून नेलं-आणलं आणि दर शनिवारी घरी येऊन आधी हात धुतले.

दोन हजार सहा साली मी नवऱ्याच्या व्हिसावर इथे बसून होते. नोकरी करायला परवानगी नाही, म्हणजे हिच्याकडे वेळच वेळ, असं मंडळात गृहीत धरलं जायचं. काकांच्या एका डोळ्याची नजर कडेने गेली, डॉक्टरांनी फ्रीवेवर गाडी चालवायची नाही म्हणून बजावलं, आणि माझ्या नवऱ्याने, म्हणजे सुशांतने, मला न विचारताच त्यांना सांगून टाकलं, "काका, आसावरी ड्राइव्ह करेल ना."

जायचं होतं ह्यूस्टनच्या ग्रंथालयात. तिथे लोक जुन्या नोंदींच्या मायक्रोफिल्म मशीनच्या पडद्यावर लावून आपले पूर्वज शोधत बसतात. बहुतेक सगळे गोरे, निवृत्त, आणि प्रत्येकाला इंग्लंडमधला एखादा जमीनदार नाहीतर सरदार पणजोबा हवा असतो. एखाद्याचा पूर्वज भुरटा चोर निघाला की तो चेहरा पाडून मशीन बंद करतो आणि पुढच्या आठवड्यात दुसरा पूर्वज शोधायला येतो. मला आधी हसू यायचं, मग किळस यायला लागली.

काकांना हा नाद लागला तो शेजाऱ्यामुळे. त्याने आपली इंग्रज वंशावळ फ्रेम करून दिवाणखान्यात टांगली होती. काकांनी त्याला आपला कुलवृत्तांत दाखवला. मूळ पुरुषापासून घराण्यातल्या प्रत्येक पुरुषाची नोंद असलेला तो जाडजूड ग्रंथ शेजाऱ्याने चाळला, छान आहे म्हणाला आणि परत दिला. काकांना ते फार लागलं. तेव्हा त्यांना आठवली मड्डम पणजी.

शंभर वर्षं घराण्याने जिला झाकून ठेवलं तीच ही बाई. काकांच्या पणजोबांनी पहिली बायको वारल्यावर खडकीच्या छावणीतली एक इंग्रज मुलगी केली आणि भाऊबंदांनी त्यांना वाळीत टाकलं. कुलवृत्तांतात तिच्या वाट्याला दोनच शब्द आले होते, 'द्वितीय पत्नी लक्ष्मी'. माहेर नाही, गाव नाही. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं आणि जुनं तिथेच संपलं. काकांच्या एका म्हाताऱ्या आत्याला एवढंच ठाऊक होतं की तिचं आडनाव डॉसन, जन्म खडकीचा, सत्तावनच्या बंडाच्या आसपासचा, आणि बाप कोणी मोठा साहेब.

गाडीत बसलं की काका सुरू व्हायचे. एका बाईचं नाव पुसायचं म्हणजे केवढी क्रूर गोष्ट, आपल्या लोकांनी तिच्यावर केवढा अन्याय केला, तिचं नाव परत मिळवून देणं हे माझं कर्तव्य आहे. डोळ्यांत पाणी आणून बोलायचे. बोलता बोलता काकूंनी दिलेलं थालीपीठ खायचे आणि तेलकट बोटं माझ्या गाडीच्या सीटला पुसायचे. एकदा सिग्नलला त्यांनी बाही वर केली, आपला गोरा हात माझ्या हाताला लावून धरला आणि म्हणाले, "फरक बघ. हे उगाच येत नाही." मी हात काढून घेतला. आजही तो स्पर्श आठवला की शिसारी येते.

मग मी जात का राहिले? रेखाकाकूंसाठी.

काकांना एक मुलगी आहे, नेत्रा. पेनसिल्व्हेनियात स्टेट कॉलेज नावाच्या गावी विद्यापीठात शिकवते. त्याच्या अकरा वर्षं आधी तिने मार्कस नावाच्या काळ्या मुलाशी लग्न केलं आणि त्या दिवसापासून काकांनी तिचं नाव घेतलं नाही. फोन करायचा नाही, यायचं नाही, जायचं नाही. मंडळात नवीन आलेल्यांना तर वाटायचं, या दोघांना मूलबाळच नाही. काका शनिवारी माझ्या गाडीत बसले की काकू स्वयंपाकघरात फोन घेऊन बसायच्या. नेत्राशी आणि तिच्या सात वर्षांच्या मुलीशी, अनयाशी बोलायला त्यांना तेवढीच सवड. अनयाला त्यांनी अजून प्रत्यक्ष पाहिलेलं नव्हतं. आम्ही परत आलो की त्यांच्या कानाची पाळी लाल झालेली असायची, आणि त्या मला डोळ्यांनीच विचारायच्या, पुढच्या शनिवारी नेशील ना?

कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघणार होती. यावेळी मुलींची आणि त्यांच्या मुलांचीही नावं घेणार, असं पुण्याहून कळलं होतं. काकूंनी त्यावर आस लावली. एकदा का नेत्राचं आणि अनयाचं नाव घराण्याच्या पुस्तकात छापून आलं की ह्यांना दार उघडावंच लागेल, असं त्या मला म्हणाल्या. त्यांचा तो भाबडेपणा मला ऐकवत नव्हता.

इकडे डॉसन सापडत नव्हती. काकांनी मुंबई इलाख्यातले कर्नल पाहिले, कॅप्टन पाहिले, कलेक्टर आणि न्यायाधीश पाहिले. एकाही साहेबाला खडकीत मुलगी झालेली नव्हती. आपण साध्या शिपायांच्या मुलांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी पाहू या, असं मी सुचवलं तर म्हणाले, "आमच्या घराण्यात शिपायाची मुलगी? यू मस्ट बी जोकिंग." वर्ष असंच गेलं. शेवटी साहेब संपले, तेव्हा नाइलाजाने त्यांनी शिपायांच्या मुलांची ती फिल्म मागवली.

आणि ती मिळाली. हॅना. खडकी, अठराशे अठ्ठावन्न. त्या पाच-सहा वर्षांत तिथे डॉसन आडनावाची दुसरी मुलगीच नव्हती. बाप विल्यम डॉसन, तोफखान्यातला साधा शिपाई. आईच्या रकान्यात नाव नव्हतं, नुसतं लिहिलं होतं, नेटिव्ह बाई. दफनाच्या नोंदी पुढच्याच फिल्मवर होत्या. मुलगी तीन वर्षांची असताना विल्यम डॉसन वारला होता. कारण दारू.

मला ती नेटिव्ह बाईच डोळ्यांपुढून हलेना. छावणीत भांडी घासणारी, कपडे धुणारी, कोण जाणे. दारुड्याच्या मागे एकटीने पोर वाढवली आणि कारकुनाला चर्चच्या वहीत तिचं नाव लिहावंसं वाटलं नाही. काकांनी ती नोंद पडद्यावर बोट ठेवून दोनदा वाचली. मला वाटलं, त्यांनाही काहीतरी होतंय. मग त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "बापाचा प्रिंटआउट काढ. आईचं काही घालायची गरज नाही. कोण, कुठल्या जातीची, कशाला पाहिजे?"

गणपतीत काकांचं भाषण ठरलं होतं, 'माझ्या पूर्वजांचा शोध'. चार्ट मी करून द्यायचा होता. मी लॅपटॉप घेऊन त्यांच्या जेवणाच्या टेबलाशी बसले. विल्यम डॉसनच्या नावाआधी त्यांनी मला कॅप्टन घालायला लावलं. तो कॅप्टन नव्हता म्हटलं, तर म्हणाले, कोण तपासायला येणार आहे. हॅनाच्या आईचा चौकोन मी काढला होता, तो पुसायला लावला. सगळ्यात खाली त्यांचं नाव, शेजारी काकूंचं. त्याखाली रेघ ओढू का, असं मी मुद्दाम विचारलं. नको म्हणाले, इथेच थांबव. हाच चार्ट पुण्याला कुलवृत्तांतासाठी पाठवायचा होता.

काकू चहाचा ट्रे घेऊन मागे उभ्या होत्या. त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला.

"अहो, त्या शिपायाला घेतलंत. नेत्राला घ्या," त्या म्हणाल्या.

"तो विषय नको. इट्स अबाउट ब्लड, रेखा. त्या माणसाचं रक्त आपल्यात आहे."

"नेत्रात कोणाचं आहे?"

काकांनी चहा उचलला, बशीत ओतला, फुर्र करून प्यायले. काकू माझ्याकडे वळल्या. आवाज जराही चढलेला नव्हता.

"आसावरी, मलाही काढ यातून. रेखा हे नाव ह्यांनी तांदळात लिहिलं होतं, ते ह्यांचं ह्यांना राहू दे. घालायचंच असेल तर माझं जन्माचं नाव घाला. आणि त्याखाली माझी मुलगी घाला."

मी 'रेखा' पुसलं. इतकं समाधान मला त्या घरात कधी मिळालं नव्हतं. काका म्हणाले, हा काय तमाशा आहे, दोन दिवसांत ताळ्यावर येईल. त्यांनी दुसरा कप मागितला.

दोन दिवसांनी मी काकूंना विमानतळावर सोडलं. एक बॅग, पर्समध्ये अनयासाठी बेसनाच्या लाडवांचा डबा. गाडीत त्यांनी मला आपलं जन्माचं नाव सांगितलं. मथुरा. बेचाळीस वर्षांत घरातल्या कोणा मोठ्या माणसाने या नावाने हाक मारली नव्हती म्हणाल्या. आईवडील गेले, भाऊ ताई म्हणायचा. नेत्राला मात्र लहानपणी आपण सांगितलं होतं, आणि लाडात आली की ती त्याच नावाने हाक मारायची, असं सांगताना त्या रडल्या. माझ्याही डोळ्यांपुढचा रस्ता धूसर झाला.

भाषणाच्या आदल्या दिवशी काकांचा फोन आला. रेखा अजून आलेली नाही, हट्टाला पेटलीय, चौकोन रिकामा ठेवला तर लोक विचारतील, तेव्हा तिचं म्हणणं आपण ऐकू आणि माहेरचं नाव घालू. मुलीचं राहू दे.

"मग सांगा ना काका, काय घालू?" मी विचारलं.

ते म्हणाले, "सुमन होतं की सुधा? असंच काहीतरी. तुला बोलली असेल."

एका मेलेल्या पणजीचं नाव शोधायला या माणसाने माझे दीड वर्षाचे शनिवार खाल्ले होते. त्याच्या घरात बेचाळीस वर्षं चहा करणाऱ्या बाईचं नाव त्याला आठवत नव्हतं.

"नेत्राला माहीत आहे," मी म्हटलं. "नंबर देऊ?"

"नको," म्हणाले आणि फोन ठेवला.

भाषणाला मी गेले, पण लॅपटॉपला हात लावला नाही. शेवटच्या रांगेत बसले. शाळेचा हॉल भरलेला, बटाटेवड्यांचा वास, पुढे आरास. काका धोतर नेसून आले होते. पडद्यावरच्या चार्टमध्ये काकूंचा चौकोन रिकामाच होता. टायपिंग करणाऱ्या मुलीकडून राहून गेलं, असं त्यांनी माइकवर सांगितलं आणि लोक समजूतदारपणे हसले. मग हॅनाची कहाणी झाली, पुसलेल्या नावाबद्दल ते गाडीतलंच सगळं पुन्हा बोलले, आणि बायकांनी पदर डोळ्यांना लावले. कॅप्टन डॉसनला टाळ्या पडल्या.

शेवटी कोणी काही विचारणार का, म्हटल्यावर मंडळातल्या पद्मजामावशींनी सहज विचारलं, आज काकू का दिसत नाहीत. बायको कुठे गेली याचं उत्तर काकांना द्यावंच लागलं.

"मुलीकडे गेलीय. पेनसिल्व्हेनियाला," ते म्हणाले.

पुढच्या रांगेत केदार बसला होता, नागपूरचा, सहा महिन्यांपूर्वीच आलेला. त्याला आतलं काही ठाऊक नव्हतं. तो साध्या कुतूहलाने म्हणाला, "अरे वा, काका, तुम्हाला मुलगी आहे? मग ती या चार्टवर कुठे आहे?"

सगळा हॉल पडद्याकडे बघायला लागला. काकांनीही वळून पाहिलं. मग त्यांनी रिमोट दाबला, आणि चार्ट जाऊन पडद्यावर पुन्हा कॅप्टन विल्यम डॉसन आला.