लिंबाखालची मूठभर माती

मी चौथीपर्यंत शिकलो. पुढं उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, जन्मभर पोती शिवली. तूर, हरभरा, ज्वारी, जे येईल ते. दाभणात सुतळी ओवायची, तोंड दुमडायचं, सात टाके घालायचे, पुढचं पोतं ओढायचं. ते एकच काम मला नीट येतं, आणि त्याच कामानं मी माझ्या पोराला गोत्यात घातलं.

पोरगं डिझेल इंजिनाचं मिस्त्री आहे. लातूरला आयटीआय केली, मग नांदेडच्या गॅरेजात मोठ्या गाड्यांवर हात बसवला. एक दिवस घरी येऊन म्हणालं, माझी अंटार्क्टिकाला निवड झाली. म्हणजे पृथ्वीच्या पार बुडाला. तिथं आपल्या देशाचं ठाणं आहे, शास्त्रज्ञ राहतात, आणि त्यांना बर्फात फिरवणाऱ्या गाड्या चालू ठेवायला मिस्त्री लागतो. मुक्काम वर्षाच्या वर. मध्येच यायचं म्हटलं तर यायला वाट नाही.

तेव्हा त्याच्या मायला जाऊन पाच महिने झाले होते.

"आबा, एकटं राहवंल का तुमाला?"

"मला काय लांडगे खातेत का? जा."

खोटं बोललो. त्यानं मोबाइलवर दाखवलं होतं, डोंगराएवढा बर्फाचा कडा तुटून समुद्रात पडतो ते. आधी नुसता चिरतो, आवाज मागून येतो. भूकंप झाला तेव्हा किल्लारीकडून असाच आवाज आला होता, जमिनीच्या पोटातून. बायकोचा हात धरून मी अंगणात पळालो होतो. आता हात धरायला कोणी नाही, आणि उरलेलं एक माणूस तिकडं निघालेलं.

बायकोची राख आम्ही गंगेत सोडली नाही. "मला पाण्यात नका टाकू, मला पाण्याचं भ्या वाटतंय. रानातच राहू द्या," असं ती म्हणाली होती. हल्ली आमच्याकडं बरेच जण तसं करतात. बांधाजवळ खड्डा घेतला, राख टाकली आणि वर कडुलिंबाचं रोप लावलं. आम्ही नुसतं लिंब म्हणतो. रोज सकाळी तिथं जाऊन बसायचं, एवढंच काम मला उरलं होतं.

पोरगं निघायच्या आदल्या दिवशी मी त्या लिंबाखालची मूठभर माती घेतली. तिच्या पिठाच्या चाळणीनं चाळली. तिच्या लुगड्याचा काठ फाडून पुडी बांधली आणि पोराच्या जाकिटाच्या अस्तरात, डाव्या काखेखाली, दाभणानं शिवून टाकली. जाकीटही तिनंच घेतलेलं, नांदेडच्या बाजारातून, त्याच्या पहिल्या नोकरीच्या वेळी. मनात एवढंच होतं की माय संगं असली तर पोरगं परत येतं. त्याला सांगितलं नाही. हसलं असतं.

चार दिवसांनी गोव्याहून फोन आला. तिथं सगळी टोळी जमली होती.

"काय करून राहिला?"

"खिसे झाडून राहिलो, आबा."

"खिसे? का, पैसे हरवले का?"

"न्हाई हो. बूट ब्रशनं घासायचे, खिशातली धूळ मशीननं ओढायची, कपड्याला कुसळ असलं तर चिमट्यानं काढायचं. तिथं बाहेरची माती न्यायची न्हाई, बी न्यायचं न्हाई. सगळ्या देशांचा करार हाय तसा. केपटाऊनला परत एकदा झडती हाय."

पुडीचं सांगायला धीर झाला नाही. विषय दुसरीकडं न्यावा म्हणून विचारलं, "ते रान हाय तरी कुणाचं?"

"कुणाचंच न्हाई. सगळ्यांचं."

"म्हणजे गायरान म्हण की."

"हाव, गायरानच. सगळ्या जगाचं."

"राखतंय कोण?"

"कोण न्हाई. दरसाल देश बैठक घेतेत. तिथं खणायला बंदी हाय. पण ठराव करायचा तर सगळ्यांनी हाव म्हणावं लागतंय."

"आन एक जण न्हाई म्हणला तर?"

"तर न्हाई. तिथल्या समुद्रात बारीक झिंगे असतेत, देवमासे, पेंग्विन त्यावर जगतेत. मोठ्या जहाजांनी ते ओढून न्यायलेत. काही भाग तरी राखून ठेवू म्हणून किती वर्षं झाली बैठका चालू हायेत. एकदोघं अडून बसतेत, झालं."

त्यानं सहज सांगितलं. मला सहज वाटलं नाही. आमच्या गावचं गायरान मी डोळ्यांदेखत गेलेलं बघितलंय. आधी एकानं कडेला कडब्याची गंजी लावली. दुसऱ्यानं कडेची एक पट्टी नांगरली. तिसऱ्यानं खडीचं मशीन बसवलं. ग्रामसभेत ठराव आला की ज्याचं त्याचं गप. मीही गप. मोंढ्यातला हमाल कशाला वाईटपणा घेईल? आता तिथं शेळी चारायला जागा नाही. जे सगळ्यांचं असतं त्याच्यासाठी कोणी भांडत नाही, हे मला कोणत्या पुस्तकानं शिकवलेलं नाही. आणि जगातलं बहुतेक गोडं पाणी म्हणे त्याच बर्फात गोठलेलं आहे. लातूरला रेल्वेनं पाणी आलं होतं त्या उन्हाळ्यात मी आणि बायको मेहुण्याकडं होतो, घागर घेऊन रांगेत उभे. जिथं सगळं पाणी आहे तिथंच राखणदार नाही.

आणि ह्या सगळ्यात माझी पुडी.

गायरानाचा शेवटचा घास माणसानं घेतला नाही, गाजर गवतानं घेतला. माझ्या लहानपणी ते नव्हतं. परदेशी गव्हाच्या पोत्यातून आलं म्हणतात. पोत्यातून! बारीक बी, डोळ्याला दिसत नाही. उपटून उपटून बायकोच्या हाताची सालटी निघाली, खाजून रक्त यायचं. गवत गेलं नाही, ती गेली.

मी स्वतःला समजावलं की माती चाळलेली आहे, काही नसेल. तरी जीव राहीना. त्याच जागची माती परत आणली, त्याच चाळणीनं चाळली आणि तिच्या जेवायच्या ताटलीत पसरून तुळशीजवळ ठेवली. नवरात्रात ती घट बसवायची, तसं रोज पाणी शिंपडलं. तिच्या घटातले कोंब उंच यावेत म्हणून आम्ही बघत बसायचो. ह्या ताटलीत काही येऊ नये म्हणून मी बघत बसलो.

तीन दिवस काही नाही. बरं वाटलं, दोन घास खाल्ले. पाचव्या दिवशी हिरवी टोकं दिसली. पुढं आठ-दहा दिवसांत पानं फुटली, कातरलेली, कोथिंबिरीसारखी. ते पान मी अंधारातसुद्धा ओळखीन. सात रोपं होती.

त्याच दुपारी पोराचा फोन आला, केपटाऊनहून.

"आबा, उद्या विमान हाय. तिकडून रोज बोलता येईल का न्हाई..."

"तुज्या जाकिटात माती हाय."

"काय?"

"लिंबाखालची. डाव्या काखेखाली अस्तरात शिवली हाय. गाजर गवताचं बी हाय तिच्यात. मी उगवून बघितलं."



"काय केलं हो हे तुमी! गोव्याला सापडलं असतं तर मला तिथूनच घरी धाडलं असतं. चोर ठरलो असतो मी!"

"सांगून टाक साहेबाला. म्हाताऱ्यानं केलं म्हण."

फोन बंद झाला. तास-दीड तास मी त्या ताटलीसमोर बसून होतो. मग तोंड दिसणारा फोन आला. पोराच्या मांडीवर जाकीट, हातात कात्री.

"दाभणानं शिवलंय व्हय? उंदरालासुद्धा फोडता यायचं न्हाई." हसायला गेलं आणि त्याचं तोंड वाकडं झालं. लुगड्याचा काठ त्यानं ओळखला होता.

"साहेब काय म्हणले?"

"आपणहून सांगितलं म्हणून सोडलं. पण ही कचऱ्यात टाकता येत न्हाई. हितंही बी पसरंल. भट्टीत जाळतेत." मग हळू आवाजात म्हणालं, "मायला परत जाळायचं, आबा?"

"एकदा जाळलीच हाय आपण. भ्याली न्हाई ती. जाळ."

जाकीटही त्यानं तिथंच सोडलं. आता त्याच्या अंगावर मायचं काहीच नाही.

पोरगं तिकडं पोचून दीड महिना झाला. माझी भीती काही गेली नाही. दाभणाचं भोक मोठं असतं. मोंढ्यात कितीही घट्ट शिवलं तरी टाक्यातून दाणा गळतो. संध्याकाळी बायका पोत्यांखालचं झाडून सुपानं धान्य न्यायच्या. चांगले पंधरा-वीस दिवस ते जाकीट पोराच्या सदऱ्याला घासत होतं. सदरा संगं गेला. तिथं उन्हाळ्यात बर्फ उतरून काळे खडक उघडे पडतात, आणि दरसाल जास्त पडतात, हेही त्यानंच सांगितलं. उघडं पडलेलं रान गाजर गवताला किती दिवस पुरतं ते मला माहीत आहे.

आठवड्याला फोन येतो. तब्येत, जेवण विचारून झालं की मी विचारतो, "भायेर कुठं हिरवं दिसतंय का?"

"न्हाई आबा. पांढरंच हाय सगळं."

"ठाण्याजवळच्या खडकाकडं बघितलं का?"

"काल बघितलं की."

"आज बघ," मी म्हणतो.